पदकाची कड वाचा

आमचे आजेसासरे पलटणीत डॉक्टर होते, एवढंच आम्हा जावांना ठाऊक. त्यांचं चांदीचं पदक मोडीत घालायचं चाललं होतं. पण १९१४-१८ च्या लढाईतल्या त्या पदकांच्या कडेवर नाव नि हुद्दा इंग्रजीत असतो. मुलीकडून वाचून घेतला : सब-असिस्टंट सर्जन. म्हणजे ते इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमधले. वरचे अधिकारी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे. त्यांची नावं छापील आर्मी लिस्टमध्ये मिळतात. १९४३ साली दोन्ही खाती एकत्र आली.

कागद नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा : मनिऑर्डर कुठल्या गावाहून यायची? नेमणुकीचा माग तिथून लागू शकतो. पदक विकू नका, घासून कड झिजवू नका, पेन्शनचे कागद जपा. आजी सांगतील ते आजच वहीत उतरवा.