चावडीवर वाचले तरच खरे

(निमगाव सावा, ता. जुन्नर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



इकडे येताना खोडदच्या बाजूने आलो. तिथे त्या मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. गाडीतला एक जण म्हणाला, "लाखो वर्षांपूर्वी आभाळातून निघालेल्या लहरी इथे पकडतात." मी म्हटले, "मग माझ्या रानात औंदा काय पेरले होते, एवढेच सरकारला का कळले नाही?" तो हसला. मी हसलो नाही, कारण त्या न कळण्याची किंमत मी रोख मोजली आहे. आज तेच सांगायला उभा आहे.

काही जण म्हणतील, कापूस-ज्वारीवाल्यांचा मेळावा, इथे भावाचे बोला. मोबाईल आणि संगणकाचे काय काढले? मी भावाचेच बोलतो आहे. सरकारने भाव जाहीर करणे एक आणि तो आपल्या पदरात पडणे दुसरे. त्या दोहोंच्या मध्ये आता एक नोंद उभी असते.

सातबारा म्हणजे दोन नमुने. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये त्या जमिनीत पीक काय. सातसाठी आपण भाऊबंदकी करतो, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, डोकी फोडतो. बाराकडे कोणी ढुंकून पाहत नाही. बांधावर पाय न ठेवता चावडीत बसून भरलेल्या पीकपाहण्या तुम्हीही पाहिल्या आहेत, मीही पाहिल्या आहेत. पण पीककर्ज, विमा, दुष्काळाची मदत, हमीभावाची खरेदी, सगळे या बाराच्या दारातून जाते.

मग यंत्र आले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहायचे, मोबाईलवर पीक भरायचे, फोटो काढायचे. मी याला नावे ठेवणारा नाही. दीडशे-दोनशे वर्षे ज्याच्या हातात लेखणी, त्याच्या हातात शेतकऱ्याची मान. ती लेखणी पहिल्यांदा आपल्या हातात आली, ही लहान गोष्ट नाही.

आता माझी गोष्ट ऐका. मी कापसाच्या मुलखातला, कोरडवाहू. २०२५ च्या खरिपात एका गटात दोन एकर कपाशी होती. रानात उभा राहून फोटो काढले, बटण दाबले. रेंज येत-जात होती. मला वाटले, गेले. ते गेलेच नव्हते. मागाहून उरलेले गट भरायला माणूस आला. त्याने कुठून पाहिले देव जाणे, माझ्या गटापुढे 'पडीत' लागले. मला पत्ता नाही. कापूस विकायची नोंदणी त्या वर्षीपासून 'कपास किसान' या मोबाईलच्या अॅपवर होती आणि तिथे कपाशीची नोंद लागते. लांब धाग्याला हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. घरात पांढरे शुभ्र बोंड रचलेले आणि कागदावर रान पडीत! शेवटी व्यापाऱ्याला दिला, क्विंटलमागे हजारभर रुपये सोडून.

मी कोणाचे नाव घेत नाही, कारण मला रात्री झोप येईना ती वेगळ्याच विचाराने. ती चुकीची नोंद लपवलेली नव्हती. गावाच्या नोंदी मोबाईलवर कोणालाही दिसतात. माझ्या शेजाऱ्याला दिसत होती, सरपंचाला दिसत होती, मलाही दिसत होती. उघडी होती, पण वाचली कोणी नाही. ती यादी सप्टेंबरात चावडीवर मोठ्याने वाचली असती, तर पहिला गुराखी पोरगा ओरडला असता, "अहो, त्यांच्या रानात छातीएवढी कपाशी आहे!"

माझे आजचे सांगणे एवढेच आहे. उघडे ठेवलेले आणि वाचलेले यांत फरक आहे. संगणक खोटे बोलत नाही, तसा खरेही बोलत नाही. त्याच्या पोटात जे घालाल ते तो सांभाळतो. खरे-खोटे करायचे काम गावाचे.

हे शहाणपण माझे नाही. राजस्थानातल्या मजुरांनी ते आधी दाखवले. मजदूर किसान शक्ती संगठन नावाची त्यांची संघटना. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी त्यात होती. दुष्काळी कामावर घाम गाळूनही मजुरी पुरी मिळत नव्हती. हिशेब मागितला तर उत्तर, सरकारी कागद दाखवता येत नाहीत. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी त्यांनी जनसुनावणी घेतली. मिळवलेली हजेरीपटाची माहिती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ज्यांनी त्या कामावर पाऊल ठेवले नव्हते त्यांची नावे हजेरीत निघाली. तिथे मोबाईल नव्हता, संगणक नव्हता. कागद होता, वाचणारा होता आणि ऐकणारे गाव होते. गावाच्या तोंडावर खोटी नावे टिकली नाहीत.

पुढे १९९६ ला ब्यावरला त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. मागणी काय? कागदाची नक्कल द्या. त्याच मागणीतून कायदे झाले. आपल्याकडे २००२ चा महाराष्ट्राचा कायदा आला, त्याच्या अंमलासाठी २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले. १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला. आणि २०१९ मध्ये राजस्थान सरकारने 'जन सूचना' नावाचे संकेतस्थळ काढले. कोणाच्या रेशनकार्डावर किती धान्य उचलले, कोणाची पेन्शन निघाली, हे तिथे अर्ज न करता पाहता येऊ लागले. क्रम लक्षात घ्या. आधी गावाने वाचायला सुरुवात केली, मग कायदा आला, यंत्र सगळ्यात शेवटी. आपल्याकडे यंत्र आधी आले आणि वाचायचे राहून गेले.

नुसत्या यंत्राने काय होते तेही आपल्या राज्याने पाहिले आहे. १९९८ मध्ये कोल्हापूरकडे वारणेच्या परिसरातल्या सुमारे सत्तर गावांत संगणकाची केंद्रे निघाली. देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्याला त्यातले खरे उपयोगी पडले ते ऊसाच्या वजनाचे आणि हिशेबाचे काम. म्हणजे लोकांनी आपल्या घामाचा हिशेब तेवढा उचलला, बाकी शोभा राहिली. पुढे तेच काम साध्या मोबाईलच्या संदेशावर होऊ लागले. महागडी पेटी महत्त्वाची नसते, आपला हिशेब आपल्याला कळणे महत्त्वाचे असते.

आता एक जड गोष्ट सांगतो. ती तुमच्याच पुणे जिल्ह्यातली आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी घराबाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. यातून घाबरून घरी बसायचे असा धडा कोणी घेऊ नये. धडा असा की एकट्याला मागायला लावू नये. एकाने मागितले तर तो एक दिसतो. दोनशे जणांच्या सभेने मागितले तर कोणाकोणाच्या दारात उभे राहणार?

आणि हा अधिकार सातबारासारखा आहे, वहिवाट सोडली की अतिक्रमण होते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला एक तुकडा बदलला. पूर्वी माणसाची खाजगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. त्या तुकड्यातून ती अट गेली. कोटकिरानाला जी नावे वाचली, ती उद्या कोणी 'वैयक्तिक' म्हणून झाकू लागला तर? कायद्यात लोकहितासाठी माहिती देण्याची वाट अजून आहे. पण ती वाट चालणारे पाय लागतील.

आणखी एक. मोबाईल सगळ्यांच्या हाती नाही. नवरा गेलेली बाई कपाशी खुरपते, उतारा अजून मेलेल्या माणसाच्या नावाने. बटाईने करणारा राबतो, त्याचे नाव बारात कुठेच नाही. इथे आणे पठारावरचा कोरडवाहू म्हातारा, तिकडे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातला आदिवासी, यांनी बटण कुठले दाबायचे? जे यंत्र चालवू शकतो त्यालाच न्याय, असे झाले तर तलाठ्याच्या जागी मोबाईल आला, एवढेच. मालक बदलला, गडी तोच.

म्हणून करायचे काय? चार कामे सांगतो. खर्चाचे एकही नाही.

पहिले. पीकपाहणीची मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी गावाची यादी चावडीवर किंवा देवळात मोठ्याने वाचायची. गट नंबर, खातेदार, पीक. चूक असेल तिथे हात वर. २०१७ मध्ये सरकारने स्वतः सातबाराचे चावडी वाचन करवले होते, तेव्हा यात नवे काही नाही. खरिपाला वाचा, रब्बीच्या ज्वारीला पुन्हा वाचा.

दुसरे. प्रत्येक वाडीवर शिकलेली दोन पोरे आणि दोन पोरी नेमा. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्या रानात त्यांनी जायचे. बटण दाबल्यावर नोंद खरेच चढली का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. मी ते बघितले नाही, म्हणून आज भाषण करतो आहे.

तिसरे. नोंद दुरुस्त होत नसेल तर दहा रुपयांचा अर्ज. माझ्या गटाची पाहणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, फोटो कुठे आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर अपील. अर्ज एकाने करू नका, एकाच दिवशी वीस जणांनी करा.

चौथे. विमा, मदत, अनुदान यांच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मागायची, वाचायची आणि वाचल्याचे इतिवृत्तात लिहून घ्यायचे. ज्या बाईचे नाव हवे होते आणि नाही, ते आधी विचारायचे.

भावांनो, बहिणींनो, पेरलेले उगवले की नाही हे बघायला आपण रोज रानात जातो. कागदावर पेरलेले उगवले की नाही हे बघायला वर्षातून दोनदा चावडीवर या. यादी वाचायला एक तास लागेल. माझ्या दोन एकरांचे नुकसान त्या एका तासाचे होते.

येत्या हंगामात तुमच्या गावात यादी वाचली, असा निरोप कोणाकडून आला, तर माझे इथे येणे कारणी लागले असे मी समजेन.