दोन क्षणांचें एक चित्र

लग्नामुंजींच्या, जत्रांच्या आणि शाळेतील स्नेहसंमेलनांच्या ज्या चित्रफिती पुष्कळ घरांतून कपाटाच्या वरच्या खणांत पडून आहेत, त्या संगणकावर उतरवून घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे, आणि ती स्तुत्यच होय. परंतु ह्या उतरवण्यांत चित्राचा निम्मा अंश नकळत टाकून दिला जातो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. त्यासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

जुन्या कॅमकॉर्डरचें चित्र एका क्षणाचें नसतें. आपल्याकडील दूरदर्शनच्या जुन्या पद्धतींत एका चित्राच्या ६२५ आडव्या रेघा, आणि त्यांपैकीं ५७६ पडद्यावर दिसणाऱ्या. सेकंदास २५ चित्रें दाखविलीं तर डोळ्यांस लुकलुक जाणवते. ५० दाखवावीं तर तीं वाहून नेण्यास दुप्पट रुंद वाट लागते. ह्यावर अभियंत्यांनीं मोठी नामी युक्ति काढली. प्रथम एकाआड एक रेघा घ्यावयाच्या, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या. अशा प्रत्येक अर्ध्या चित्रास फील्ड म्हणतात. लंडन येथें १९३६ सालीं बी. बी. सी. ने सुरू केलेल्या सेवेंत मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची पद्धति ह्याच तऱ्हेची होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनची तीच, आणि पुढें घरोघर आलेल्या कॅमकॉर्डरांचीही तीच.

काचेच्या नळीचा जुना संच रेघा त्याच क्रमानें काढीत असे. म्हणून तेथें कांहीं खुपत नसे. आजचा सपाट पडदा मात्र सगळ्या रेघा एकदम मांडतो. मग जें स्थिर असतें तें नीट दिसतें, आणि जें हलतें त्याच्या कडेला फणीसारखे दांते उमटतात.

वेल्ह्याच्या पुढें पासली गांव आहे. तेथील भातलावणीची एक फीत माझ्यापाशीं आहे. २००३ च्या पावसाळ्यांत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें ती घेतली. इरलीं पाठीवर घेऊन वाकलेल्या बायका, आणि मुठींतलीं रोपें भराभर चिखलांत रोवणारे हात. त्या ओळींतल्या दोघी आज हयात नाहींत. त्यांच्या हातांची चपळाई दुसरीकडे कोठेंच टिपलेली नाहीं. एका दुकानदारानें ही फीत संगणकावर उतरवून दिली, ती दोन्ही फील्डें एकमेकांत कालवून. दांते गेले खरे, पण प्रत्येक हातामागें दुसरा फिकट हात दिसूं लागला! कित्येक जण तर एक फील्ड सरळ टाकूनच देतात. म्हणजे ५७६ रेघांपैकीं २८८ उरतात आणि सेकंदांतले २५ क्षण कायमचे नाहींसे होतात. ह्या दोन्ही रीती मला मान्य नाहींत.

योग्य रीत ही कीं, प्रत्येक फील्डाचें एक स्वतंत्र पूर्ण चित्र करावें. उणी रेघ वरखालच्या रेघांवरून आणि मागच्यापुढच्या फील्डांवरून भरून काढावयाची; जेथें हालचाल नाहीं तेथें शेजारच्या फील्डांतली खरी रेघच घ्यावयाची. एफएफएमपेग आणि हँडब्रेक ह्या विनामूल्य साधनांत यॅडिफ नांवाची चाळणी हेंच करते. मात्र मुद्दाम सांगितल्यावांचून ती दोन फील्डांमागें एकच चित्र देते. सेकंदास ५० चित्रें हवींत, असें तिला बजावावें लागतें. क्यूटीजीएमसी हिचें काम अधिक नाजूक, पण फार सावकाश. पाऊस मात्र दोघींचीही परीक्षा पाहतो, कारण त्याच्या बारीक धारा प्रत्येक फील्डांत निराळ्या असतात. आणि वेल्ह्याकडचा पाऊस कांहीं थोडाथोडका नव्हे!

फील्डांचा क्रमही सांभाळावा. मिनी-डीव्ही फितींत खालचें फील्ड प्रथम येतें. पुढच्या एचडीव्ही व एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत वरचें. क्रम उलटला तर रोप लावणारा हात पुढें जाऊन क्षणांत मागें येतो आणि पुन्हां पुढें जातो. असें थरथरणें दिसलें कीं क्रम बदलून पाहावा. चित्राची उंची कमीजास्त करणें, कडा कापणें, हादरा काढणें हें सारें नंतर. आधीं उंची बदलली तर दोन्ही फील्डांच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पुढें कोणत्याही चाळणीनें त्या वेगळ्या होत नाहींत.

माझी मूळ फीत शाबूत होती, म्हणून तें काम पुन्हां करतां आलें. मिनी-डीव्ही फीत फायरवायरच्या तारेनें जशीच्या तशी उतरते. तासाच्या फितीस सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. ती प्रत रूपांतर झाल्यावरही पुसूं नये, कारण उद्यां याहून सरस चाळणी निघेल. चालता कॅमेरा मिळणें मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे, तेव्हां उतरवण्याचें काम लांबणीवर टाकूं नये.

पासलीची ती लावणी आतां आम्हीं अर्ध्या गतीनें लावून पाहिली. सेकंदाचीं ५० चित्रें हातीं असल्यानें गति निम्मी केली तरी चित्र अडखळत नाहीं. अंगठा रोपाचें मूळ चिखलांत कसें दाबतो, आणि तो वर येण्यापूर्वींच दुसऱ्या हातांतलें पुढचें रोप कसें सुटें झालेलें असतें, हें त्यांत स्वच्छ दिसतें.