सायकल शिकवताना कॅरिअर सोडा!

आपल्याकडे पोराला सायकल शिकवायची म्हणजे मागून कॅरिअर धरून पळायचं आणि गुपचूप सोडून द्यायचं. मग फुटतात गुडघे! त्यापेक्षा पान्ह्याने दोन्ही पायडल काढा. डाव्याचे आटे उलटे असतात बरं का, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. सीट इतकी खाली घ्या, की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. पोर पायाने ढकलत तोल शिकतं. मग ब्रेक: पुढचा एकटाच कचकन दाबला तर हँडलवरून पुढे. पायडल सगळ्यात शेवटी.

आणि निमगाव सावात उसाचा हंगाम सुरू झाला, की डांबरी रस्ता नकोच. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळला की मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते, शेजारचं पोर ड्रायव्हरला दिसतही नाही. ट्रॅक्टर दिसला, की उतरायचं, सायकल साइडपट्टीच्याही खाली घ्यायची.