आईचे रिकामे हात



माझ्या मागे लावलेल्या निळ्या कापडावर माझी आई आहे. यवतमाळ जिल्ह्यात ती रोजानं निंदायला, कापूस वेचायला जाते. मी घरातली पहिली पदवीधर. आता फोटोग्राफी शिकते.

वर्गात पोर्ट्रेटचं काम मिळालं तेव्हा मी आईला म्हटलं, विळा घेऊन बांधावर बस. ती म्हणाली, "विळा त रोजच राह्यते हातात. फोटोत तरी हात रिकामे राहू दे." मग ठेवणीतली साडी नेसून, घड्याळ बांधून ती दारात खुर्चीवर बसली.

फोटो पाहून आमचे एक शिक्षक म्हणाले, "यात कष्ट दिसत नाहीत. आणि चेहरा जरा उजळ कर."

मला 'द पीपल ऑफ इंडिया' आठवलं. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले आठ खंड. इंग्रज सरकारनं त्यात इथली माणसं जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली. विळा धर म्हणताना मीही तेच करत होते.

मी चेहरा उजळला नाही. फोटो सायनोटाइप पद्धतीनं छापायचं ठरवलं. ही पद्धत १८४२ मध्ये जॉन हर्शेलनं शोधली. डार्करूम लागत नाही, ऊन आणि पाणी लागतं. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवायचं. दोन्ही सारख्या मापानं मिसळून, हातमोजे घालून, मंद उजेडात कापडाला लावायचं आणि अंधारात वाळवायचं. वर हव्या त्या आकाराची निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात धरायचं. मग साध्या पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे निळा रंग राहतो.

सुटीत घरी मांजरपाटावर छापलं. आधी खळ काढून घेतली, नाहीतर रसायन नीट मुरत नाही. पहिलं कापड आईनं धुवायचा सोडा टाकून धुतलं. निळा रंग उडाला, फिकट पिवळट चेहरा उरला. मला रडूच आलं. मग ते कापड बिनदुधाच्या कडक चहात बुडवून ठेवलं. हळूहळू तपकिरी रंगात आई परत आली. पुढे कळलं, सोड्यानं रंग उतरवून चहानं चढवणं ही या कामातली जुनीच रीत आहे.

दुसरं कापड साध्या पाण्यात धुतलं. तेच हे निळं. तपकिरी आईनं ठेवून घेतलं; घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलंय.

गुण बेताचेच मिळाले. शेरा होता, "विषयाची तीव्रता कमी." मी काही बदललं नाही.

आपण शिकलो, आपल्या हातात कॅमेरा आला. घरच्यांवर तो रोखण्याआधी एवढंच विचारा: तुला कसं दिसायचंय?

रसायनं सोबत आणलीत. ऊन आहे तोवर गच्चीवर चला.