‘खाण तशी माती’ म्हणण्यापूर्वी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती अधिकाऱ्याचा दिवस वृत्तपत्रांच्या कात्रणांनी सुरू होतो. ही कात्रणे काढताना एका प्रकारची बातमी मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. एखाद्या विवाहितेने पोटच्या लेकरांसह विहीर जवळ केलेली असते; एखाद्या कर्त्या पुरुषाने पत्नीचा जीव घेऊन स्वत:चेही जीवन संपविलेले असते. बातमी चार ओळींची असते आणि तिच्या अखेरीस ‘घरगुती कारणावरून’ एवढे दोन शब्द असतात. गावात मात्र आणखी एक स्पष्टीकरण तयार असते. ‘त्याचा बापही असाच होता’, ‘तिच्या आजीनेही हेच केले होते’, आणि शेवटी, ‘खाण तशी माती’.

या तीन शब्दांनी आपण एका संपूर्ण कुटुंबाविषयी निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल कितपत खरा आहे, आणि तो दिल्याने काय घडते, याचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. मी वैद्य नव्हे. परंतु या विषयात शास्त्राने जे शोधले आहे आणि कायद्याने जे सांगितले आहे, ते लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे.

दु:ख आणि आजार

दु:ख प्रत्येकाच्या वाट्याला येते. पीक जाते, माणूस जातो, मन खचते आणि काही काळाने सावरतेही. तीव्र नैराश्य हे याहून वेगळे आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहते. ज्या गोष्टींत रस वाटे, त्यांतील रस आटतो. पहाटे फार लवकर जाग येते, अन्नावरची वासना उडते, हालचाल मंदावते, लक्ष लागत नाही. आपण निरुपयोगी आहोत, सर्वांना भार आहोत, ही अपराधी भावना मन पोखरीत राहते. पुष्कळ पुरुषांमध्ये हा आजार अश्रूंच्या रूपाने न दिसता चिडचिड आणि वाढते मद्यपान यांच्या रूपाने दिसतो. म्हणून तो घरच्यांच्याही ध्यानात येत नाही.

आजार फार वाढल्यास काही रुग्णांचा विवेकच झाकोळतो. न केलेल्या पापाची शिक्षा आपणांस मिळणार आहे, आपल्यामागे आपल्या लेकरांचे हालहाल होतील, अशा भ्रमाने मन ग्रासले जाते. अशा अवस्थेतील माता मुलांना बरोबर नेते, तेव्हा ते कृत्य द्वेषातून घडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा विकृत झालेल्या मायेतूनच ते घडते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत स्त्रीची विशेष काळजी घ्यावी लागते, ती याचसाठी.

रक्तातून काय येते?

आता ‘खाण तशी माती’ या म्हणीकडे वळू. तीत सत्याचा अंश आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आईवडील किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणास तीव्र नैराश्य झाले असल्यास त्या व्यक्तीस हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या मानाने दुप्पट ते तिप्पट असते. एकबीज आणि द्विबीज जुळ्यांची तुलना करून शास्त्रज्ञांनी आनुवंशिकतेचा वाटाही मोजला आहे. अशा अनेक अभ्यासांचे संकलन सन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा वाटा सुमारे ३७ टक्के आढळला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. अशा घरातील शंभर मुलांपैकी ३७ आजारी पडतील, असा तो अर्थ नव्हे. माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे ३७ टक्के फरक आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, एवढेच तो सांगतो. उरलेला मोठा भाग जीवनातील अनुभवांचा आहे. बालपणीची मारहाण व उपेक्षा, जवळच्या माणसाचा वियोग, दीर्घ आजार, व्यसन, कर्ज आणि एकाकीपणा हे सारे त्यात येते. नैराश्याचे असे एकच एक जनुक नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी अत्यल्प प्रभाव मिळून एक प्रवृत्ती घडते. वारशाने येते ती प्रवृत्ती. आजार वारशाने येतोच असे नाही. मधुमेह असलेल्या घरातील मुलास आपण साखर तपासून घेण्यास सांगतो, त्याला घराण्याचा कलंक म्हणत नाही. येथेही तोच न्याय लावावयास हवा.

गुन्ह्याशी नाते किती?

नैराश्य आणि हिंसक गुन्हा यांचा संबंध आहे काय? या प्रश्नाचे अत्यंत विस्तृत उत्तर स्वीडन देशातून आले. तेथे प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयीन उपचारांची, नातेसंबंधांची आणि न्यायालयीन शिक्षांची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक सीना फाझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींवरून ४७,१५८ नैराश्यग्रस्त रुग्णांची तुलना सुमारे नऊ लाख सर्वसाधारण नागरिकांशी केली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी सुमारे तीन वर्षांच्या काळात हिंसक गुन्हा केलेल्यांचे प्रमाण रुग्ण पुरुषांत ३.७ टक्के होते, तर इतर पुरुषांत १.२ टक्के. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ०.५ आणि ०.२ टक्के होते.

म्हणजे धोका वाढतो, हे खरे. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. शंभर नैराश्यग्रस्त पुरुषांपैकी शहाण्णव जणांनी असा कोणताही गुन्हा केला नाही. दोनशे स्त्रियांपैकी एकशे नव्याण्णव जणींनी केला नाही. नैराश्यग्रस्त माणसापासून सर्वांत मोठा धोका असतो तो त्याच्या स्वत:च्याच जिवाला. आजारापूर्वीची हिंसक वर्तणूक, दारू वा अन्य व्यसने आणि स्वत:ला इजा करून घेण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांकडे या अभ्यासाने विशेष लक्ष वेधले आहे.

कौटुंबिक इतिहासाचा दुवाही याच अभ्यासात आहे. रुग्णांच्या ज्या सख्ख्या भावंडांना स्वत:ला नैराश्य नव्हते, त्यांच्यातही हिंसक गुन्ह्याचे प्रमाण इतरांहून काहीसे अधिक आढळले. परंतु ते रुग्णांइतके नव्हते. याचा अर्थ असा की, वाढलेल्या धोक्याचा काही भाग आजारातून येतो आणि काही भाग एकाच घरात, एकाच परिस्थितीत व समान वारशासह वाढल्याने येतो. ज्या घरात मूल रोज मारहाण पाहते, तेथे ते बापाचे रक्त जसे घेते तसे बापाचे वागणेही घेते. रक्त आपणांस बदलता येणार नाही. वागणे मात्र बदलता येते आणि आजारावर उपचार करता येतो.

कायद्याची दृष्टी

आपला कायदा या बाबतीत आपल्या बोलण्यापेक्षा अधिक विवेकी आहे. भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेतील ८४ वे कलम, सांगते की, मनोविकलतेमुळे कृत्याच्या वेळी त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर वा बेकायदेशीर असल्याचे जाणण्यास जी व्यक्ती असमर्थ असते, तिचे ते कृत्य अपराध ठरत नाही. येथे केवळ आजार असणे पुरत नाही. बहुसंख्य नैराश्यग्रस्तांना या कलमाचा आधार मिळणार नाही. कारण त्यांचा विवेक शाबूत असतो.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात या कलमाचा लाभ दिला. पतीकडून पत्नीची हत्या झाली होती. आजार नैराश्याचा नसून छिन्नमनस्कतेचा होता. तरीही निर्णयाची पद्धत आपणांस बोधप्रद आहे. आरोपीच्या वडिलांनाही मानसिक आजार होता, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली. परंतु ती एकटी नव्हे. घटनेपूर्वीपासून चाललेले उपचार, घटनेनंतर वारंवार करावे लागलेले उपचार, हेतूची दुर्बलता आणि पळून जाण्याचा प्रयत्न न करणे, या सर्वांसह ती पाहिली गेली. कौटुंबिक इतिहास हा अनेक पुराव्यांपैकी एक आहे, तो निकाल नव्हे, हेच यातून शिकावयाचे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरावयाचे असून तिला त्याबद्दल शिक्षा करावयाची नाही. उलट, तिची शुश्रूषा व पुनर्वसन यांची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. मानसिक आजारामुळे स्वत:ला किंवा इतरांना धोका निर्माण झालेल्या व्यक्तीस पोलिसांनी संरक्षणाखाली घेतल्यास २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. तिला पोलिस कोठडीत ठेवता येत नाही. पोलिस पाटील व सरपंच यांना हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

गावाने काय करावे?

माझ्या मते खरा धोका रक्तात नाही, लपविण्यात आहे. ‘त्या घराण्यात वेड आहे’ असे एकदा बोलले गेले की, त्या घरातील मुलीची सोयरीक मोडते. हे ठाऊक असल्याने घरचे लोक आजार लपवितात. ‘बाहेरचे’ म्हणून देवऋष्याकडे नेतात, पण दवाखान्यात नेत नाहीत. उपचाराविना आजार वाढतो आणि एके दिवशी ती चार ओळींची बातमी येते. मग गाव म्हणते, ‘पाहा, आम्ही म्हणत होतो तेच झाले.’ आपण भाकीत केले असे गावाला वाटते. वस्तुत: त्या घटनेत गावाच्या बोलण्याचाही वाटा असतो.

याउलट काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आजाराविषयी बोलावे, धीर द्यावा, समुपदेशन करावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवावे, अशी त्याची रचना होती. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधीच्या व अठरा महिन्यांनंतरच्या पाहण्यांची तुलना करता, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. तर आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले होते. हे काम प्रामुख्याने गावच्या माणसांनी गावच्या भाषेत केले.

म्हणून माझ्या आपणांकडून काही माफक अपेक्षा आहेत. शिक्षकांनी गप्प झालेल्या, मागे पडू लागलेल्या मुलाची हजेरी घेताना त्याच्या घराचीही चौकशी करावी; ज्याच्या घरी अशी दुर्घटना घडली आहे, त्या मुलाला वर्गात कोणी त्यावरून टोचणार नाही हे पाहावे. पंचायत सदस्यांनी दारू आणि घरातील मारहाण यांना ‘खासगी बाब’ म्हणणे सोडावे. ज्या घरात कोणी खचलेले आहे, तेथील कीटकनाशके कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावयास सांगावे. ‘मी गेल्यावर मुलांचे कसे होईल’, ‘आम्ही सगळेच सुटू’ असे कोणी बोलू लागल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीस व मुलांना एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय ही जवळची ठिकाणे आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर उद्याच लिहिता येईल. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती कित्येक महिने घ्यावी लागतात, हे घरच्यांना समजावून सांगावे. मध्येच औषध सोडल्याने आजार पुन्हा उलटण्याचा धोका असतो.

मित्रहो, माती खाणीसारखी असते, हे कोणी नाकारीत नाही. पण मातीत काय पिकेल हे केवळ खाणीवर ठरत नाही; पाणी, खत आणि राखण यांवरही ते ठरते, हे शेतकऱ्यांच्या या सभेला मी काय सांगावे! आपल्या गावात असे एखादे घर असेल, तर त्याच्याविषयी बोलण्याऐवजी त्याच्याशी बोलावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.