कॉन्ट्रास्ट तपासणी आणि मूत्रपिंडांची काळजी
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यान)



लासूर स्टेशन परिसरातील रुग्णास सी.टी. स्कॅन वा अँजिओग्राफीसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेथे दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्ट औषधाविषयी, म्हणजेच ‘डाय’विषयी, समाजात दोन टोकांच्या समजुती आढळतात. कोणी ते अगदी निरुपद्रवी मानतो, तर कोणी ‘किडनी जाईल’ या भयाने आवश्यक तपासणीच टाळतो. दोन्ही समजुती घातक होत.

या औषधातील आयोडीन क्ष-किरण अडविते. त्यामुळे रक्तवाहिन्या व अवयव चित्रात स्पष्ट उमटतात. पुढे ते शरीराबाहेर टाकण्याचे कार्य मूत्रपिंडे करतात. निरोगी व्यक्तीत ते बहुतांशी २४ तासांत लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडे आधीच दुर्बळ असल्यास मात्र त्यांच्या अंतर्भागाचा रक्तपुरवठा घटून सूक्ष्म नलिकांना इजा पोहोचू शकते. प्रारंभी कोणतीही वेदना होत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढते, तेव्हाच ती कळते.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी व नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० साली संयुक्तपणे स्पष्ट केले की, हा धोका पूर्वी वास्तवापेक्षा अधिक मानला जात होता. ज्यांचा ‘ई.जी.एफ.आर.’ ३० पेक्षा कमी आहे किंवा ज्यांच्या मूत्रपिंडांना नुकतीच इजा झाली आहे, त्यांच्याबाबत विशेष दक्षता हवी.

आपल्या समाजाने येथे एका गोष्टीचा विचार करावा. चौविहार पाळणारा श्रावक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. पर्युषणातील तपश्चर्येत तर शरीरातील पाणी आणखी घटते. अशा अवस्थेत तपासणीस गेल्यास आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडांवर ताण वाढतो. म्हणून उपवास, मधुमेह, पूर्वीचा मूत्रपिंडविकार, मेटफॉर्मिन व वेदनाशामक गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. तातडीची नसलेली तपासणी पारण्यानंतर ठेवता येते. तातडीची मात्र कदापि लांबवू नये. हृदयविकार वा डायलिसिसच्या रुग्णाने पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

तप गुप्त ठेवणे हा विनय खरा. पण डॉक्टरांपुढे ते सांगणे हा विवेक होय. क्रिएटिनिनचा जुना अहवाल सोबत नेण्यास काहीच खर्च येत नाही. तो घरी विसरल्याची किंमत मात्र कधी कधी फार मोठी असते.

जय जिनेंद्र!