येर म्हणजे पाणी
(युवक शिबिरातले भाषण)



ग गणपतीचा, भ भटजीचा, य यज्ञाचा घोकत आपले बापजादे शिकले. तेही वर्गाबाहेर बसून. त्या बाराखडीत आपली वस्ती नव्हती. तरी बोली निदान जवळची होती. गडचिरोलीतल्या गोंड पोराचं काय? घरी ते पाण्याला 'येर' म्हणतं. मास्तर 'पाणी' म्हणतो, पोर गप्प. लगेच शेरा : मठ्ठ. अख्ख्या वर्गाची भाषा एकट्या मास्तरला येत नाही, आणि मठ्ठ कोण तर पोरं!

हिशेब बघा. २०११ च्या जनगणनेत देशात भिली बोलणारे १ कोटी ४ लाख, गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख. दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. ती आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे कलम ३५०-क १९५६ पासून घटनेत पडून आहे. २०१९ साली मोहगावच्या ग्रामसभेनं स्वतः गोंडी शाळा काढली, तर सरकारनं ती अनधिकृत ठरवली.

आता म्हणतील, आदिवासींसाठी खास पुस्तक काढू. कव्हरावर वारली चित्र, आत पुणेरी मराठी. असली रंगरंगोटी नको. गणित असं पाहिजे : तेंदूची ७० पानं म्हणजे एक पुडकं, १००० पुडक्यांची एक गोणी. आईनं आज १०० पुडकी बांधली. पानं किती? ठेकेदारानं ९० मांडली, तर किती पानं खाल्ली? हे गणित आलेलं पोर फडावर गप्प बसणार नाही.

कोणी म्हणेल, गोंडीत शिकून पोर जंगलातच राहील. साफ खोटं. येर लिहिता आलं की पाणी येतं, पाणी आलं की वॉटरही येतं. पण पहिली अक्षरं घरची लागतात. गोदीत आम्ही रोज बघतो, गोणीवरचं वजन ज्याला वाचता येतं तोच मुकादमासमोर तोंड उघडतो.

आणि आपलं काय? आपणही जातो, वह्या वाटतो, फोटो काढतो, परत येतो. प्रमाण मराठीच्या ज्या छडीनं आपल्याला झोडलं, तीच तिथं हातात घेतो. पुढल्या खेपेला वह्या जरूर न्या. पण गावातल्या म्हातारीला मधे बसवा. ती गोंडीत सांगेल, पोरं लिहितील. त्यांचं पहिलं पुस्तक तेच.

जयभीम. सेवा जोहार.